शाळेच्या मैदानावरची हराळी

हराळी शेतात आली की शेतकरी शिव्या देतो. आमी नवरा-बायकोनं ती धुऱ्या-बांधावरून खणून आणली अन् शाळेच्या मैदानावर लावली. मी तिथं शिपाई होतो. लोक म्हणत, "जग हराळी उपटून राह्यलं अन् हे येडे लावून राह्यले."

पहिल्या साली चूक मीच केली. पाऊस उघडला तसा रोलर फिरवला. मैदान सपाट दिसलं, मी खूश. पण काळी जमीन ओली दाबली की विटेसारखी बसते. महिन्यात हराळी पिवळी पडली. बायको एक वर्गही शिकली नव्हती. तिनं सब्बल घेतली, वीत-वीत अंतरावर भोकं पाडली, त्यात नाल्याची रेती भरली. मले म्हणाली, "तुमच्या छातीवर रोलर ठेवला तं दम घेता येईन काय?" हराळी परत आली.

बायको गेली त्याले सव्वा वर्ष झालं. मी रिटायर झालो, तरी मैदानावर रोज जातो.

यंदा तालुक्यातल्या शाळांचे खेळ आमच्या मैदानावर ठरले. त्याआधी पाऊस पडला. आदल्या दिवशी खेळाचे सर ट्रॅक्टरमागं रोलर लावून फाटकात हजर.

"सर, वाफसा नाही आला, जमीन अजून ओली हाय. आज रोलर फिरला तं हराळी मेली समजा."

"बाबा, उद्या साहेब येऊन राह्यले. मैदान खडबडीत दिसते."

"धावायचं साहेबाले हाय का पोरायले?"

"तुमी रिटायर झाले ना?"

"मी झालो. हराळी नाही झाली. बूट काढा अन् चला."

सरांनी बूट काढले. टाच रुतली, खळग्यात ओल चमकली. चार पावलं चालले अन् ट्रॅक्टरवाल्याले हातानंच माघारी जा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पोरं सकाळपासून धावली. रिठदकडची एक पोरगी शेवटच्या रेघेवर आपटली. गुडघ्याले हिरवा डाग लागला, खरचटलं नाही. संध्याकाळी रेघेजवळची हराळी पार लोळली होती.

सर म्हणाले, "बाबा, ही गेली."

म्हटलं, "पायानं तुडवून हराळी मरत नाही. आठ दिवस कोणाले इकडं येऊ देऊ नका."

त्या जागेभोवती दोरी सरांनीच बांधली.

पाचव्या दिवशी पेरापेरातून नवी पाती फुटली. अशी हराळी साऱ्या जिल्ह्यात दुसरीकडं नाही, हे मी कोणालेही तोंडावर सांगतो. त्या दिवशी घरी जाऊन सांगायचं होतं. घरात ऐकायले कोणी नाही, म्हणून इथं लिहिलं.