चाळीस चौकोन

कुरेसाकीच्या सागर संशोधन केंद्रात उरामोतो सेइइची तेहतीस वर्षं तांडेल होता. होडी चालवायची, तिचं म्हातारं इंजिन चुचकारायचं, पावसात गळक्या छपराखाली बादल्या मांडायच्या आणि शहरातून आलेल्या विद्यार्थ्यांना बोट लागली की त्यांची डोकी धरायची, ही त्याची नोकरी. एक जास्तीचं काम मात्र आपसूक गळ्यात पडलेलं होतं. तो लागला त्याच वर्षी एका प्राध्यापकाने जुन्या धक्क्याच्या भिंतीवर पितळी खिळे ठोकून वीतभर रुंदीचे चाळीस चौकोन आखले. "दर महिन्याच्या मोठ्या ओहोटीला यातले बार्नेकल मोजत जा, मी परत येईपर्यंत," असं सांगून तो बढतीवर राजधानीत गेला. तो परत आला नाही. आता मोजू नकोस, असंही कुणी सांगितलं नाही. म्हणून उरामोतो मोजत राहिला.

बार्नेकल म्हणजे दगडाला चिकटून जन्म काढणारे, टोकदार कवचाचे बारके जीव. पाय कापतात, होड्यांच्या बुडाला चिकटून त्या जड करतात, आणि खाण्यात मजा नाही. गावातले कोळी त्यांना खवडे म्हणत आणि उरामोतोला खवडेवाला. त्याची बायको सुमिए शेजारणींना सांगे, "तुमचे नवरे मासे आणतात. आमचा आकडे आणतो. तेही सरकारला देऊन येतो."

त्या आकड्यांवर अकरा जण डॉक्टर झाले. अकराही जणांनी प्रबंधाच्या शेवटी त्याचे आभार मानले. त्यातल्या तिघांनी नाव बरोबर लिहिलं.

मग सहकार्याचे दिवस आले. तीन विद्यापीठं, एक बँक, एक जहाज कंपनी आणि निम्मा किनारा बांधून काढलेली एक सिमेंट कंपनी यांनी मिळून समुद्राच्या अभ्यासात पैसा घालायचं ठरवलं. जिथे दुसरीकडे नाही असं काही असेल, त्या केंद्राला नवी इमारत, नवी बोट आणि माणसं मिळणार होती. केंद्राचे संचालक कुगिमिया सेन्सेई यांनी सगळी कपाटं उपसली. बरण्यांमधले मासे इतरांकडेही होते, आणि त्यांचे ताजे होते. शेवटी हाती लागल्या उरामोतोच्या वह्या.

"उरामोतोसान, हे सगळं तुम्ही केलंत?"

"हो, सेन्सेई. दर महिन्याला शेवटी तुमचाच शिक्का आहे."

सेन्सेईंनी पान उलटून पाहिलं. होता. "अहो, असली नोंद देशात दुसरी नसेल. बोला, तुम्हाला काय हवं?"

उरामोतोने आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे त्याला जरा वेळ लागला. "पुढच्या मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. माझ्यानंतर मोजायला एक माणूस द्या."

"एक काय, दोन मागू."

पैसा घालणारे पाहुणे मे महिन्यातल्या एका गुरुवारी, ऐन ओहोटीला पाहणीसाठी येणार होते. केंद्रात सलग नऊ बैठका झाल्या. कोण कुठे बसेल, आधी कोण वाकेल, पाहुण्यांच्या सपाता कुठल्या दिशेला तोंड करून ठेवायच्या, हे सगळं ठरलं. बैठकीत जे ठरलं त्याचं परिपत्रक फिरलं. परिपत्रकावर रीतसर अठरा शिक्के उमटले. हाताखालच्यांनी आपला शिक्का वरच्यांच्या शिक्क्याकडे किंचित कलता मारायचा असतो, नमस्कार केल्यासारखा. उरामोतोचा शिक्का सगळ्यांत खाली होता आणि सगळ्यांत जास्त वाकलेला होता. परिपत्रक मात्र त्याने वाचलं नव्हतं. तिथे कुणीच वाचत नसे. शिक्का मारायचा तो पुढच्याला खोळंबा होऊ नये म्हणून.

मंगळवारी सेन्सेई राजधानीत होते आणि उरामोतोला शहरात पाठवलं होतं. फीत कापताना बड्या लोकांना घालायला पांढरे हातमोजे लागतात, आणि केंद्राकडे होते ते उंदरांनी खाल्लेले. सात जोड्या घेऊन तो दुपारी परतला तेव्हा धक्क्यावर मच्छीमार संघाची तीस माणसं भाताचे गोळे खात बसली होती. संघाचे अध्यक्ष ओझाकी यांनी लांबूनच हात केला.

"या, खवडेवाले. बघा, तुमची भिंत कशी नवरीसारखी केलीय."

भिंत खरोखरच चकचकीत होती. खरवडणी, तारेचे ब्रश, पाण्याचा फवारा, सगळं वापरलेलं दिसत होतं. चाळीसही चौकोन घासून लखलखीत केले होते. पितळी खिळ्यांना तर पॉलिशसुद्धा केलं होतं.

"ओझाकीसान," उरामोतो म्हणाला, "हे कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? पाहुणे येतात आणि घराला खवडे? तरी आम्ही केंद्राला विचारलं हो. परिपत्रक आलं ना, दर्शनी भाग स्वच्छ करावा म्हणून. अठरा शिक्के आहेत. तुमचाही आहे की खाली."

उरामोतोने कागद बघितला. शिक्का होता, अदबीने वाकलेला. तीस माणसं अर्धा दिवस फुकट राबली होती. त्याने त्या सगळ्यांना वाकून धन्यवाद दिले, एक भाताचा गोळा घेतला आणि खाल्लाही.

सेन्सेई त्या संध्याकाळी आले आणि थेट भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "उरामोतोसान, मागच्या महिन्याचे आकडे आहेत ना? या महिन्याला तेच थोडे कमीजास्त करून लिहा. पाहुण्यांना सांगू, पाणी चढलंय, भिंत दिसत नाही."

"ओहोटीला?"

"त्यांच्यात कोळी कोण आहे?"

गुरुवारी पाहुणे आले. सिमेंट कंपनीचे साहेब भिंत बघून फार खूष झाले. "काय सुरेख ठेवलीय," ते म्हणाले. शिष्टमंडळाच्या प्रमुख तोकिता बाई बँकेच्या होत्या, पण अहवाल वाचून आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आणि ते जीव कुठे आहेत?"

सेन्सेईंनी उरामोतोकडे पाहिलं. त्या नजरेत नवी इमारत होती, बोट होती आणि उरामोतोला हवा असलेला माणूसही होता. एकदा खोटं लिहिलं तर माणूस मिळेल, पण त्या माणसाने पुढे काय मोजायचं?

"मंगळवारी खरवडले," तो म्हणाला. "तुम्ही येणार म्हणून. परवानगीवर माझाही शिक्का आहे."

उरामोतोने चपला काढल्या, पाण्यात उतरला आणि सगळ्यांसमोर चौकोन एकेक करून मोजले. चाळीस वेळा शून्य लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात 'पाहुण्यांसाठी साफसफाई' असं लिहून वही सेन्सेईंपुढे धरली. बाई बघत होत्या, त्यामुळे सेन्सेईंना शिक्का मारावा लागला, आणि तेहतीस वर्षांत प्रथमच त्यांनी मजकूर वाचून मारला.

तोकिता बाईंनी वही मागून घेतली. परत देताना त्या एवढंच म्हणाल्या, "या पानामुळे आधीच्या पानांवर विश्वास बसतो."

करार झाला. काचेची भिंत आणि स्वागतकक्ष असलेल्या इमारतीला पैसे मिळाले. बोट मिळाली. माणूससुद्धा मंजूर झाला. पण पैसा घालणाऱ्यांच्या परिषदेच्या आणखी अकरा बैठकांमधून जाताजाता त्या जागेचं नाव 'मोजणीदार'वरून 'समन्वय अधिकारी' झालं, आणि समन्वय सगळ्यांशी करायचा म्हटल्यावर त्याचं टेबल राजधानीत लागलं.

मार्चअखेर उरामोतोला निरोप दिला. नव्या स्वागतकक्षात भाषणं झाली, फुलं मिळाली. एप्रिलच्या मोठ्या ओहोटीला सकाळी तो बूट घालायला लागला तेव्हा सुमिएने विचारलं, "अहो, नोकरी संपली ना तुमची?"

"नोकरी संपली."

"मग?"

"ऑगस्टपासून भिंतीवर परत यायला लागलेत ते."

ती डब्यात लोणच्याचा आलुबुखार घातलेले दोन भाताचे गोळे ठेवून आत गेली.

तो सतराव्या चौकोनाशी वाकलेला असताना खिशातला फोन वाजला. राजधानीतून समन्वय अधिकारी बोलत होते. आवाज फार अदबशीर होता. या महिन्याचे आकडे बारापर्यंत पाठवता येतील का, परिषदेला सादर करायचेत.

"साडेबारा होतील," उरामोतो म्हणाला.

"जरा लवकर नाही का जमणार?"

"पाण्याला विचारून सांगतो," तो म्हणाला, फोन खिशात टाकला आणि सतरावा चौकोन पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला, कारण बोलण्याच्या नादात तो आकडा विसरला होता.