हात वर केला होता

"हाथ नीचे कर. नीचे."

असं म्हणून डॉक्टरने माझ्या हातावर फटका मारला. फार जोरात नाही. ताटाजवळ आलेल्या मांजराला मारतात तेवढाच. मी टेबलावर उताणी पडलेली. पोलकं वर सरकवलेलं, उजवा हात डोक्याखाली, आणि उजव्या बरगड्यांच्या मध्ये सुई. डावा हात मी वर केला होता. थांबा, एवढंच सांगायचं होतं. त्याने फटका मारला आणि सुई तशीच पुढे ढकलली.

टेबलाभोवती शिकाऊ पोरंपोरी उभी होती. त्यातला एक हसला. डॉक्टर त्यांच्याकडे बघून म्हणाला, "इन लोगों को इतना लगता नहीं है. लगता तो चिल्लाती."

डॉक्टरला अरे-तुरे करते म्हणून कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे. त्याने मला पहिल्या शब्दापासून 'तू' केलं होतं. वयाने मी त्याच्या मोठ्या बहिणीएवढी असेन.

मी सुरतेत लिंबायतला राहते, कामगारांच्या वस्तीत. मूळची धुळ्याकडची. लग्न झालं आणि इथे आले, नवरा लूम चालवतो म्हणून. मीही त्याच खात्यात बॉबिन भरते. खातं म्हणजे लूमची शेड. आत पाय टाकला की बोलणं संपतं. शंभर मशिनी एकदम खडखडतात, शेजारी उभ्या बाईच्या कानात ओरडलं तरी तिला फक्त तोंड हललेलं दिसतं. म्हणून आमचं सगळं हातावर चालतं. दोरा तुटला, हात वर. चक्कर आली, हात वर. पदर पट्ट्यात अडकला, हात वर. हात दिसला की जो जवळ असेल तो आधी मशीन बंद करतो, मग काय झालं ते बघतो. हे कुणी शिकवत नाही. पण हात बघून मशीन बंद केली नाही, तर त्या माणसाला आमच्यात कुणी पाणीही विचारत नाही.

त्या टेबलावर माझा हात आपोआप वर गेला तो असा. इतक्या वर्षांची सवय. मला वाटलं, आता थांबेल.

सुरुवात डोळ्यांपासून झाली. डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, बॉबिनचा खोका उचलताना हात लटपटायला लागले. कावीळ म्हणून गोडादऱ्यातल्या एका म्हाताऱ्याकडून माळ घालून आणली. कावीळ उतरते तशी माळ लांब होते म्हणतात. माळ पार पोटापर्यंत आली आणि डोळे हळदीसारखेच राहिले. मग नवऱ्याने एक पाळी सोडली, रिक्षा केली, आणि पर्वत पाटिया ओलांडून आम्ही मोठ्या हॉस्पिटलात गेलो. नाव सांगत नाही. त्या नावाने काही फरक पडत नाही.

नवरा मोठ्याने बोलतो. लूमवरची सगळीच माणसं मोठ्याने बोलतात, आयुष्य खडखडाटात गेल्यावर दुसरं काय होणार. तो डॉक्टरला सांगायला लागला, "साहेब, इसको बहुत खाज आता है, रात को सोती नहीं." डॉक्टरने कानावर हात ठेवला.

"धीरे बोल. ये तेरा खाता नहीं है. कहाँ से आते हो?"

"लिंबायत."

"अच्छा, लिंबायत." आणि पोरांकडे बघून मान हलवली. जणू पेपर सोपा निघाला. मग मला, "पीती है?"

मला कळलंच नाही. वाटलं, पाणी विचारतोय. मी म्हटलं, "हां, पीती."

पोरं फिसकन हसली. डॉक्टर म्हणाला, "देखा?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी घाईघाईने म्हटलं, "दारू नहीं साहेब, दारू नहीं." पण तोवर तो पुढच्या पेशंटचे कागद बघत होता. गुजरातेत दारूबंदी आहे. भरल्या खोलीत त्याने मला दारुडीही केलं आणि चोरही केलं. नवरा हात जोडून उभा. खात्यात शेठसमोर उभा राहतो तसा. त्याचा मला राग आला. इतका राग आला की त्याच्या जोडलेल्या हातांवर मारावंसं वाटलं.

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "मी काय बोलू त्यास्ले? मोठा लोक शेतस त्या." मोठी माणसं आहेत ती, म्हणून बोलायचं नाही.

तेव्हाच मी ठरवलं की इथे आवाज करायचा नाही. आवाज केला की अडाणी ठरतो. गप्प राहायचं, चांगल्या घरच्या बायका राहतात तसं.

लिव्हरचा तुकडा काढून तपासायचा होता. कसा काढणार, किती दुखणार, कुणी सांगितलं नाही. सही कर म्हणाले, केली. उपाशी ये म्हणाले, उपाशी गेले. पडद्यापलीकडे माझ्या आधी एक बाई होत्या. कुणा साडीच्या व्यापाऱ्याच्या घरच्या असाव्यात, हातात सोन्याच्या बांगड्या वाजत होत्या. तपासणी तीच, सुई तीच, डॉक्टरही तोच. पण आवाज निराळा. मी बाकावर बसून ऐकत होते.

"बेन, जराय गभराशो नहीं. पहेलां जग्या बहेरी करी दईए, पछी ज सोय."

सुरतेत इतकी वर्षं काढली, एवढं गुजराती मला कळतं. घाबरू नका, आधी जागा बधिर करू, मगच सुई. त्या बाईंना भीती घालवायची गोळी आधीच दिली होती. श्वास कधी धरायचा, याची दोनदा तालीम करून घेतली. नर्सने त्यांचा हात हातात धरला होता. मला बरं वाटलं. खोटं नाही सांगत, खरंच बरं वाटलं. म्हटलं, चांगला आहे की डॉक्टर, आपल्यालाही असंच सांगेल.

माझी पाळी आली. गोळी नाही. गार औषध फासलं, बधिर करायचं इंजेक्शन टोचलं, आणि ते लागायच्या आधीच मोठी सुई. "साँस रोक." रोखला. टक्. आवाज स्टेपलरसारखा, पण तो माझ्या आत झाला. उजव्या खांद्यापर्यंत कळ गेली. श्वास सोडायचा की नाही ते सांगायला कुणी मोकळं नव्हतं, तो पोरांना शिकवत होता. "फिर से." तेव्हा मी हात वर केला.

पुढचं सुरुवातीला सांगितलं.

नंतर उजव्या कुशीवर पडून राहायचं, हलायचं नाही, उठलं तर आत रक्त वाहील, असं दटावून नर्स गेली. समोर हिरवी भिंत. लघवीला लागलेली, कुणाला हाक मारावी कळेना. खांदा ठणकत होता. मी तिथे रडले. दुखलं म्हणून नाही. ती पोरं उद्या डॉक्टर होतील आणि लिंबायतच्या कुठल्या तरी बाईला म्हणतील, हिला लागत नाही. माझ्यावर शिकली ती.

काही दिवसांनी बोलावणं आलं. तुकडा कमी पडला, मोडून आला, त्यातून काही कळत नाही. परत काढावा लागेल. त्याशिवाय औषध सुरू करता येत नाही.

मी नाही म्हटलं. घरी येऊन भांडी घासताना नाही म्हटलं, खात्यात बॉबिनच्या मशिनीला नाही म्हटलं. तेवढंच जमत होतं. उजव्या कुशीवर झोपता येईना. स्टेपलर वाजला तरी हात बरगडीवर जायचा. नवरा म्हणाला, "नही करनं व्हई ते नको करू." पण डोळे पिवळे ते पिवळेच, आणि आता पायही सुजायला लागले होते. टेबलावर जावं तर तो. न जावं तर हे. दोन्हीकडून दार बंद होतं. चालता चालता मध्येच थांबून मी भिंतीला टेकायचे, श्वास पुरायचा नाही. हा आजार होता की भीती, ते मलाच कळत नव्हतं.

कांताबाई माझ्या शेजारच्या मशिनीवर बॉबिन भरते. परभणीची. तोंडाने फटकळ, कामाला चोख. जेवणाच्या सुट्टीत मशिनी बंद झाल्या तेव्हा मी तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. हात वर केला तेही सांगितलं. ती भाकरी मोडायची थांबली.

"हात वर केलास? तिथं मशीन चालू व्हती का?"

"नाही."

"आवाज व्हता का कसला?"

"नाही. एसीचा थोडासा."

"मंग तोंड का शिवलं व्हतं गं बये? शांत खोलीत हात कशाला वर करतीस? बोलायचं ना!"

ती परत भाकरी खायला लागली. त्या खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. तिथे माझा आवाज ऐकू न जाण्यासारखं काहीच नव्हतं. खडखडाट मी माझ्यासोबत घेऊन गेले होते. आणि वरून त्याने नवऱ्याला धीरे बोल म्हटलं ते मी खरं मानलं. मोठ्याने बोललो तर अडाणी, गप्प राहिलो तर दुखतच नाही. म्हणजे आम्ही काहीही केलं तरी त्यांचंच खरं. हे कळल्यावर मला जो संताप आला, तो आजही उतरलेला नाही.

दुसऱ्या वेळी मी एकटी आत गेले. नवऱ्याला बाहेर बसवलं. डॉक्टर तोच, पोरं वेगळी, नर्स तीच. पहिल्या वेळी मला फटका बसला तेव्हा ती भिंतीकडे बघत होती, हे मी विसरले नव्हते.

"लेट जा."

मी टेबलावर चढले आणि बसून राहिले. पाय लटकत होते. दार समोर होतं. उठून पळावं, असं अंगातला कण न् कण सांगत होता.

"सुनाई नहीं देता? लेट."

"पहले मैं बोलूँगी."

माझा आवाज मोठा निघाला. लूमवरचा. खोलीत घुमला. या वेळी मी तो खाली आणला नाही.

"मैं दारू नहीं पीती. कभी नहीं पी. आपने पूछा तब मैं पानी समझी. ये इन बच्चों के सामने बोलती हूँ. दूसरा, मुझे लगता है. पिछली बार बहुत लगा. उस बेन को पहले गोली दी, जगह बहेरी की, फिर सुई. मुझे भी वैसा करने का. मैं रुको बोली तो रुकने का. फिर लेटूँगी."

डॉक्टरचा चेहरा लाल झाला. "टाइम नहीं है मेरे पास. करवाना है कि नहीं? बाहर लाइन लगी है."

"करवाना है."

"तो लेट."

"सुना आपने, वो बोलो. फिर."

आता हा हाकलून देणार, औषध मिळणार नाही, पाय सुजत जातील, आणि सगळे म्हणतील हिच्याच तोंडाने हिचा घात केला. हे सगळं डोक्यात फिरत होतं. तरी मी आडवी झाले नाही. होऊच शकले नाही. अंगच वाकेना.

शेवटी नर्स बोलली. भिंतीकडे न बघता बोलली. "सर, गोली दे देती हूँ. तब तक अगला पेशंट ले लो."

तो हातमोजे काढून गेला. गोळी मिळाली. बाकावर बसवलं. परत बोलावलं तेव्हा त्याने बधिर करायचं इंजेक्शन दिलं, बोटाने दाबून विचारलं, "लगता है?" मी म्हटलं, "लगता है." तो थांबला. परत दाबलं. "अब?" "अब नहीं." मग श्वास, मग टक्. खांद्यात कळ आली, पण मी तिची वाट बघतच होते. एकदाच करावं लागलं. तुकडा नीट आला.

दारूचं काही निघालं नाही. अंगातलीच लढणारी ताकद उलटली आहे, ती लिव्हरलाच खाते, असं त्याने सांगितलं. कागदाकडे बघून सांगितलं. माफी मागितली नाही. मी दाराबाहेर पडत होते तेव्हा तो पोरांना म्हणाला, "आ बाई तो माथाभारे छे."

माथाभारे. डोक्यावर बसणारी, त्रास देणारी. नवऱ्याला वाईट वाटलं. तो अजून दर वेळी हात जोडतो. त्याचं त्याच्यापाशी.

औषधं सुरू आहेत. पुढे कधी तरी परत तुकडा काढून बघावं लागेल म्हणतात. भीती गेलेली नाही. स्टेपलर वाजला की अजून दचकते. दुखेलही. पण मी पुन्हा त्या टेबलावर चढेन, पाय लटकवून बसेन, आणि तो ऐकेपर्यंत आडवी होणार नाही. आमच्या गल्लीतली दुसरी कुणी बाई तिथे गेली, तर तिच्यासोबत जाईन आणि तिच्या उशाशी उभी राहीन. तिचा हात वर गेला, तर थांबा मी म्हणेन. लूमवरच्या आवाजात म्हणेन.