रांगोळीवरून गाडी

आमच्या खोलीत ऊन दोनदा यायचं. सकाळी गॅलरीतून सरळ, आणि दुपारी उलटं, म्हणजे समोर गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या काचांवर आपटून. दुपारच्या त्या उन्हाला ऊब नसायची. पाण्यातून आल्यासारखं ते भिंतीवर हलत राहायचं आणि खोली थोडी तरंगते आहे असं वाटायचं. मी तेव्हा शेजाऱ्यांच्या आणि आमच्या खोलीमधल्या लाकडी पार्टिशनला पाठ लावून, गुडघ्यांवर हातात धरून खेळायचा कन्सोल घेऊन बसलेली असायचे. ऑफिसचं काम घरूनच होतं. जेवणानंतरचा थोडा वेळ माझा होता आणि त्यात मी गाड्या पळवायचे.

आजोबा गिरणीत होते, बाबा कारकून झाले, आणि मला इंग्रजी शाळेत घातलं. त्यामुळे गॅलरीत मी लहानपणापासून 'मॅडम'. हाक प्रेमाचीच होती, पण एकदा मॅडम म्हटल्यावर आपण काहीही बोललो तरी लोक आधी ऐकतात आणि मग हसतात. मी बोलणं कमी केलं. चाळीत दरवाजे दिवसभर उघडे असतात. बंद दिसला तर कोणीतरी आजारी आहे किंवा भांडण झालं आहे असं समजतात. मी आमचा दरवाजा अर्धा लोटून ठेवायचे. त्याचा अर्थ कुणालाच नीट लावता यायचा नाही, म्हणून कोणी विचारायचंही नाही.

एका दुपारी चुकून मी मेनूतला भलताच पर्याय दाबला. पडद्यावर आलं, 'जवळपास खेळणारे', आणि खाली एक जाडं मांजर, पिवळ्या गाडीत बसलेलं. या खेळात दोन कन्सोल एकमेकांच्या जवळ असले की इंटरनेट नसलं तरी एकत्र शर्यत लावता येते. पण जवळ म्हणजे अगदी जवळ, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, फार तर गॅलरीच्या अर्ध्यापर्यंत. आमच्या मजल्यावर हे कोणाकडे असेल? मी शर्यतीत शिरले.

मांजर विचित्र चालवत होतं. या खेळातल्या रस्त्यांवर मधेमधे चमकणाऱ्या रंगीत बाणांचे पट्टे असतात. त्यांच्यावरून गाडी गेली की मागून कुणी ढकलल्यासारखी सुसाट सुटते. सगळे धावतात ते त्या पट्ट्यांकडे. हे मांजर मात्र सरळ रस्त्यावर छान येत असायचं आणि पट्टा दिसला की अदबीनं बाजूला व्हायचं. दर वेळी. एकदा तर पट्टा चुकवताना कड्यावरून खाली गेलं, आणि त्याच क्षणी माझ्या पाठीमागच्या फळ्यांतून आवाज आला, "ईऽऽ! गेलं!"

मी खेळ थांबवला नाही, पण कान फळ्यांकडे लावले. भिंतीपलीकडे दिवाळीनंतर नवी सून आली होती, वेंगुर्ल्याकडची, माझ्याच वयाची. चाळीच्या नात्यानं वहिनी. गॅलरीच्या टोकाच्या नळावर आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो, तेवढंच.

पुढच्या फेरीत मांजर पुन्हा पट्ट्याला वळसा घालून गेलं. तेव्हा मी मान वळवली, तोंड फळीजवळ नेलं आणि म्हणाले, "त्याच्यावरून जा."

पलीकडून आलं, "कोण?"

"मी. बाजूची."

"कशावरून जाऊ?"

"ते रंगीत. बाण. त्याच्यावरूनच जायचं असतं."

"अगो, ती रांगोळी नाय?" वहिनी म्हणाली. "मला वाटलं कोणाच्या दारातली आहे. तिच्यावर चाक कसं घालणार?"

मी हसले. मोठ्यानं. ते भिंतीतून पलीकडे गेलं, आणि पलीकडून तसंच परत आलं.

कन्सोल तिच्या नवऱ्याचा होता, आणि मग रोज दुपारी तिच्या सासूबाई झोपल्या की फळीवर टकटक व्हायची. बाणांच्या पट्ट्यांना आम्ही रांगोळीच म्हणायला लागलो. "पुढं मोठी रांगोळी आहे, धर तिला." मी सुरुवातीला अहो-जाहो करत होते. "मी काय तुझी टीचर?" ती म्हणाली, आणि ते संपलं. एकदा आमचा आवाज वाढला आणि सासूबाई जाग्या झाल्या.

"कोणाशी बोलतंस गो?"

"भिंतीशी, आई."

"भिंत काय म्हणता?"

"म्हणता, डावीकडे वळ."

"वळ मगे, आणि चहा ठेव," म्हणून सासूबाई पुन्हा आडव्या झाल्या.

आमचा आवडता रस्ता ढगांमधला होता. खाली गुलाबी धूसर पोकळी, वर तसंच आभाळ, आणि मधे फितीसारखा रस्ता. त्याच्या शेवटाजवळ एक उडीचा चढ होता. चढाच्या अगदी टोकावर, चाकं रस्ता सोडतात त्या क्षणी बटण दाबलं तर गाडी हवेत गिरकी घेते आणि उतरताना तिला वेग मिळतो. त्या वेगाशिवाय समोरची दरी पार होत नाही. आधी दाबलं तर काही नाही, उशिरा दाबलं तरी काही नाही. शेजारून एक लांबचा रस्ताही होता, दरीला वळसा घालून जाणारा. मी नेहमी तिथून जायचे.

वहिनी महिन्याभरात त्या उडीत तयार झाली. हवेत असताना ती ओरडायची, आणि तो आवाज मला आवडायचा. गाडी हवेत असते तो क्षण खेळातल्या बाकी सगळ्या क्षणांपेक्षा लांब असतो. इंजिनाचा आवाज थांबतो, मांजराच्या मिशा वाऱ्यानं मागे जातात, आणि कुठेही पोचायचं नसल्यासारखं सगळं निवांत होतं.

"वळसा घेऊन कुठे जातंस दर वेळी? माहेरी?" ती विचारायची.

"पोचते ना शेवटी."

"मी पोचून चहा पिऊन झाल्यावर."

इतकं सगळं भिंतीतून. नळावर मात्र मी पूर्वीसारखीच. ती बादली लावून उभी राहायची, एक भुवई वर करून, वाट बघत. मी हसायचे आणि बादलीत बघायचे. मागे पुढे चार बायका असायच्या. मॅडम आज काय बोलते याकडे त्यांचे कान असणार, असं मला वाटायचं. एकदा दुपारी वहिनीनं विषय काढलाच.

"नळावर मुकी का होतंस गो?"

"तिथे सगळे असतात."

"सगळे आपापल्या बादलीकडे बघतात. एक दिवस तोंडावर बोल माझ्याशी. नायतर मी गावी सांगेन, मुंबईत माझी मैत्रीण आहे, पण ती भिंत आहे."

ती हे हसत म्हणाली होती. तरी नंतर बराच वेळ माझी गाडी नीट चालत नव्हती. मला बोलायचं होतं. एवढी एकच गोष्ट मला त्या वर्षी मनापासून हवी होती, आणि ती गॅलरीच्या टोकाच्या नळापाशी जमत नव्हती.

मग चाळ रिकामी करायची ठरली. किती वर्षं नुसती बोलणी चालू होती, आणि अचानक प्रत्येक खोलीत खोके आले. चाळीच्या जागी नवा टॉवर उभा राहीपर्यंत ज्यानं त्यानं आपली सोय बघायची होती. आम्ही वरळीला मामाच्या रिकाम्या खोलीत जाणार होतो, वहिनीकडचे डोंबिवलीपलीकडे तिच्या दिरांकडे. नव्या इमारतीत कोणाला कितवा मजला ते सोडतीत ठरणार, म्हणजे शेजार गेलाच.

"नेटवरून खेळू की," मी फळीला म्हणाले.

"खेळू. पण मी ओरडलेली तुला ऐकू कुठे येणार?" ती म्हणाली. मग परत, "तोंडावर बोलायचं राहिलं तुझं."

त्यांचा टेम्पो दुपारी आला. गॅलरीतून कपाट, गाद्या, पिंप असं सगळं सरकत चाललेलं ऐकू येत होतं. माझ्या अर्ध्या उघड्या दरवाजातून माणसांचे नुसते पाय दिसत होते. आता ती हाक मारेल, आता मी उठेन, असं करत मी बसूनच राहिले. तेवढ्यात फळीवर टकटक झाली.

"ये, एक शेवटची. मला खाली बोलवेपर्यंत."

ढगांचा रस्ता लावला. खोली रिकामी झाल्यामुळे तिचा आवाज घुमत होता, खूप लांबून आल्यासारखा. पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत सासूबाईंची हाक आली, "चल गो! टेम्पोवालो बोंबलता!"

"आले आई!" वहिनी म्हणाली, आणि मला, "मी चालवत चालवतच जाते. तू थांबू नको."

तिच्या चपला दारातून बाहेर गेल्या. माझ्या पडद्यावर मांजराची गाडी सरळ चालली होती. मग ती अडखळली. एका जागी गोठली, पुढे उडून पडली, पुन्हा गोठली. आधी मला वाटलं तिचं लक्ष नाही. मग कळलं की ती जिन्याकडे चालली आहे आणि आमच्यातलं अंतर वाढतंय. अजून थोडं वाढलं की मांजर नाहीसं होणार.

मी उठले. दरवाजा सबंध उघडला आणि घरातल्याच गाऊनवर, कन्सोल दोन्ही हातांत धरून, गॅलरीत आले.

सगळा मजला निरोप द्यायला कठड्याशी उभा होता. "मॅडम? आज बाहेर?" कोणीतरी म्हणालं. "अगं, हळू, पडशील!" दुसरं कोणी. मी मान वर केली नाही. पडद्यावर मांजर पुन्हा सरळ धावायला लागलं होतं. मी त्याच्या मागे जिना उतरले, त्या झिजलेल्या लाकडी पायऱ्या न बघता. एका पायरीशी एक रांगोळी पकडली, पुढच्या वळणावर एक सोडली. खाली पोचले तेव्हा वहिनी टेम्पोच्या मागच्या बाजूला गाद्यांच्या वळकटीवर बसली होती. दोन पायांत तुळशीची कुंडी धरलेली, हातांत कन्सोल. तिचा नवरा फळका लावत होता.

तिनं मला पाहिलं आणि भुवई वर केली.

"थांबा," मी म्हणाले. मग तिच्या नवऱ्याकडे बघून परत, "दादा, थांबा जरा." आणि फळक्यावर पाय देऊन वर चढले.

केबिनमधून सासूबाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "ह्यां चेडू बोलता?"

"भिंत आहे ती, आई," वहिनी म्हणाली. "चालायला लागली."

दादा ड्रायव्हरला सांगायला केबिनमध्ये चढले, पण त्याला वाटलं सगळे बसले. टेम्पो निघाला. मी ओरडून थांबवू शकले असते. थांबवलं नाही. वहिनीनं सरकून मला गादीवर जागा दिली.

गल्लीतून टेम्पो हळूहळू चालला होता. वर तारा, कबुतरं, खिडक्यांतले कपडे मागे मागे जात होते. टॉवरचं ते उलटं ऊन आमच्यावरून, कपाटाच्या आरशावरून, तुळशीच्या पानांवरून सरकत गेलं. टेम्पो खड्ड्यात गेला की आमच्या दोघींच्या गाड्या ढगांत डुलायच्या. खरा रस्ता कुठला ते काही वेळ मला नीट सांगता आलं नसतं. तिचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं. वहिनी एवढी बारीक आहे हे मला भिंतीतून कधी वाटलं नव्हतं.

सिग्नलला टेम्पो थांबला तेव्हा शेवटची फेरी होती. समोर फाटा आला, एकीकडे लांबचा रस्ता, दुसरीकडे चढ. मी चढावर घेतली. वहिनी ओरडली, "आता! दाब!"

मी दाबलं, पण पडद्याकडे बघत नव्हते. तिच्याकडे बघत होते. ओरडताना तिचं नाक आक्रसतं आणि डोळे पूर्ण मिटतात. इतक्या दुपारी मी हा आवाज ऐकला होता आणि त्याला तोंड कसं असेल ते मला माहीतच नव्हतं. माझी गाडी पलीकडे उतरली की पोकळीत गेली, मी पाहिलं नाही.

"उतर आता, नायतर डोंबिवलीला भांडी घासायला लागतील," ती म्हणाली.

मी उतरले आणि केबिनच्या खिडकीशी गेले. मागे हॉर्न वाजत होते. "काकी, पत्ता सांगा. रविवारी येते मी," असं मला मोठ्यानं म्हणावं लागलं. सासूबाईंनी स्टेशन सांगितलं, रिक्षावाल्याला कुठल्या देवळाचं नाव सांगायचं ते सांगितलं, इमारत, मजला. आणि "येताना पाव घेऊन ये गो, थंयचो बरो नाय" असंही सांगितलं. टेम्पो हलला. मागून वहिनी दोन्ही हातांनी कन्सोल वर धरून दाखवत होती. माझ्या पडद्यावर संपर्क तुटल्याची पाटी आली.

घरच्या चपलांनी चालत परत आले. गॅलरीत दोघातिघांनी विचारलं, त्यांना सांगितलं की वहिनीला सोडायला गेले होते. आमच्या दाराशी आले, पण पुढे जाऊन त्यांच्या रिकाम्या खोलीत शिरले. पार्टिशनवर, जमिनीवर बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर, तेलाचा एक गोल डाग होता. आमच्या बाजूलाही तसाच आहे, आई त्यावरून मला नेहमी बोलते. म्हणजे एवढे दिवस आम्ही पाठीला पाठ लावून बसत होतो.

मी तिच्या जागी बसले. पत्ता कुठे लिहून घेतला नव्हता. विसरू नये म्हणून तो म्हणायला लागले. स्टेशन, देऊळ, इमारत, मजला. रिकाम्या खोलीत आवाज फार मोठा येत होता आणि दार सताड उघडं होतं. गॅलरीतून कोणीतरी डोकावून गेलं. मी पत्ता पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले, तेवढ्याच आवाजात.