रावणाचं अकरावं डोकं

आमच्या जव्हार-मोखाडा रस्त्यावर रावण जीप चालवायचा. खोटं नाही सांगत. कागदोपत्री त्याचं नाव वेगळं होतं, पण बोहाडा, म्हणजे रात्रभर मुखवटे घालून देवादैत्यांची सोंगं नाचवतात तो आमच्याकडचा उत्सव, त्यात रावणाचं सोंग त्याच्या घराण्याचं. आधी बापाकडे होतं, मग याच्याकडे आलं. म्हणून तहसीलच्या शिपायापासून बाजारातल्या भाजीवालीपर्यंत सगळे त्याला रावणच म्हणत. आणि माणूस असा, की कोंबडी आडवी आली तरी जीप थांबवून तिला म्हणणार, "जा बाय, सावकाश जा."

जीपचं नाव त्यानं 'पुष्पक' ठेवलं होतं. पुष्पक विमानात कितीही माणसं बसली तरी एकाला जागा उरतेच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा तो पुरेपूर फायदा घ्यायचा. मी तेव्हा अंगणवाडीत सेविका होते. धान्याच्या गोणीसकट मला मागे कोंबायचा. "अरे, दार लागत नाही," म्हटलं तर म्हणे, "बाई, विमानाचं दार उघडं ऱ्हायलं की वारा चांगला लागतो."

मग एकदा त्याच्या गळ्याला पुढून सुपारीएवढी गाठ दिसली. मी विचारलं, हे काय रे? तर म्हणतो, "अकरावं डोकं फुटतंय. ल्हान हाय अजून. बोलाय लागलं की तुमची ओळख करून देतो."

पाड्यावर कुणाला त्या गाठीचं नवल वाटलं नाही. त्याच्या बापालाही अशीच गाठ आली होती आणि तो त्यातच गेला. बापानं रावणाचा मुखवटा घातला, यानंही घातला. म्हणजे दहा तोंडांचं ते लाकडी ओझं मानेला बाधतं, हे सगळ्यांचं ठरून गेलेलं. मग म्हाताऱ्यांनी एकत्र बसून कागदाच्या लगद्याचा हलका मुखवटा करून घेतला. रावण हलका झाला; गाठ मात्र लिंबाएवढी झाली.

त्याचा आवाज बसायला लागला तेव्हा मीच हट्टानं त्याला दवाखान्यात नेलं. जव्हारहून मुंबईला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. थायरॉईडच्या कॅन्सरच्या बहुतेक जाती बऱ्या होतात, ही जात वेगळी. रक्त तपासलं तर बिघाड नुसता गाठीत नव्हता, जन्मापासून अंगभर होता, जनुकात. बापाकडून आलेला. गाठ यकृतापर्यंत पसरली होती. औषधांनी थोपवता येईल, मुळापासून जाणार नाही.

रावणानं मान डोलावली. "म्हणजे सोंगासारखंच," म्हणाला. "घराण्याचं." मग एकदम त्यानं विचारलं, "मना एकच पोर हाय. मंजुळा. तिचं काय?"

तिचं रक्त बघावं लागेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आलं असेल किंवा नसेलही, दोन्ही सारखंच शक्य. आलं असेल तर पसरायच्या आत ग्रंथी काढून टाकता येते. मग रोज एक गोळी, बस.

मंजुळा जव्हारजवळ सासरी, कडेवर लेक. आम्ही गेलो तर चुलीपुढे नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी थापत बसलेली. सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाली, "बा, मी कदी मुखवटा घातलाय का? आमच्या बायकांच्या डोक्यावर ते येतच नाय. मना कशी गाठ येल?"

मी जनुकं, रक्त, सगळं सांगून पाहिलं. अंगणवाडीत पोरांना सांगते तसं हातवारे करून सांगितलं. ती भाकरी थापतच राहिली. उलट मलाच म्हणे, "बाई, तुमी जेवूनच जावा."

बोहाड्यात ज्याच्या आरोळीनं पोरं आयांच्या पदरात शिरायची, त्या रावणाला आता धड बोलताही येत नव्हतं. तो तिच्याजवळ सरकून बसला आणि घोगऱ्या, पुटपुटत्या आवाजात म्हणाला, "माझी आत्या आठवते तुला? उन्हाळ्यातबी मानेभोवती पदर घट्ट धरून बसायची ती?"

"आठवते की. गाठ झाकायची."

"तिला कुनी मुखवटा घातला होता?"

मंजुळाचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तेव्हा मीच ती उलटली.

तिच्या रक्तात ते निघालं. ग्रंथी काढली, तर आत नागलीच्या दाण्याएवढं काहीतरी नुकतंच सुरू झालं होतं, बाहेर कुठे गेलं नव्हतं. हे कळलं तेव्हा रावण दवाखान्याच्या बाकावर पाय वर घेऊन ऐटीत बसला. "बाई, आमच्या घराण्यात आजपातुर हा रोग पुढं आन् आमी मागं," म्हणाला. "या खेपेला आपुन आदी पोचलो." मग शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही त्यानं तेच सांगितलं. तो बिचारा डोळे दाखवायला आलेला.

रावण पुढे दोन होळ्या काढून गेला. जाईपर्यंत भावकीतल्या एकेकाला पकडून मुंबईला नेत होता. सुईला घाबरणाऱ्या चुलतभावाला तर 'देवदर्शनाला चल' म्हणून नेलं आणि रक्त दिल्यावर खरोखर देवदर्शनही घडवून आणलं.

गेल्या महिन्यात मंजुळानं आपल्या लेकीचं रक्त तपासून घेतलं. निकाल आला त्या दुपारी मला तिचा फोन आला.

"बाई, पोरीला नाय आलं."

मागे तिची लेक कुणाशी तरी जोरात भांडत होती. आम्ही दोघी कितीतरी वेळ ते भांडण ऐकत बसलो.