आयकलेला आणि बघलेला

मी एकदा एक पुस्तक जन्माला घातलं. एका दुपारी, चहा निवायला ठेवला होता तेवढ्या वेळात. नाव ठेवलं ‘किनाऱ्यावरील खडकांचा परिचय’. लेखकाला आडनाव सुचेना म्हणून त्याला किनारकर केलं, ग. रा. किनारकर. प्रकाशक स्वतः लेखक. प्रकाशनाचं वर्ष माझ्या लग्नाचं दिलं, कारण तेवढं एकच वर्ष मला न अडखळता आठवतं. या पुस्तकाला पान एकच होतं, त्रेचाळिसावं. त्याच्या आधीची कुणी लिहिली नाहीत आणि नंतरचीही नाहीत. जन्मभर पोरांना ‘कॉपी करू नका’ म्हणून छळलेली, नुकतीच निवृत्त झालेली मास्तरीण हा उद्योग करते आणि वर पदराने चष्मा पुसून स्वतःवर खूश होते. ती बाई आज मला बाजारात भेटली तर मी ओळख दाखवणार नाही. पण तिच्या त्या एका पानाने ज्यांचं नुकसान झालं, त्या दाजींची ओळख करून द्यायलाच हवी.

दाजी आमच्या गावचे तांडेल. होडीचं सुकाणू धरणारे, जाळं कुठे टाकायचं ते ठरवणारे. उन्हाने काळाठिक्कर पडलेला माणूस, डोक्यावर विटकी लाल टोपी, बोलणं हळू. मुलांना समुद्राबद्दल चार शब्द सांगा म्हणून मी त्यांना एकदा वर्गात बोलावलं. ते फळ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर कानाला हात लावला. मला वाटलं, बिचारे बुजले, आधीच माफी मागताहेत. मी मोठ्या मनाने म्हटलं, अहो दाजी, क्षमा कसली मागताय, बोला बिनधास्त. पोरं फिदीफिदी हसली. दाजी शांतपणे म्हणाले, “क्षमा नाय, बाई. ह्या आयकलेला आसा, म्हणान कानाक हात. बघलेला सांगताना डोळ्याक लावतंय.”

ही त्यांची आयुष्यभराची सवय. पाण्यावर वारा असला की नाळेवरच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरच्या, माणसाची हाक मागे सुकाणूपर्यंत पोचत नाही. म्हणून मासा स्वतः पाहिला असेल तर त्याने डोळ्याला बोट लावायचं, दुसऱ्या होडीवाल्याकडून कळलं असेल तर कानाला. तांडेलाने काय करायचं ते त्यावर ठरायचं. दाजी होडीतून उतरले तरी हे बोट काही उतरलं नाही. एकदा स्टॅण्डवर मी त्यांना विचारलं, कुडाळची गाडी गेली का हो? दाजींचा हात कानाला. “शेवंतीन सांगल्यान, गेली म्हणान. मी काय बघूक नाय.” शेवंती म्हणजे त्यांची बायको, बाजारात मासळी विकायला बसायची, आणि ती तिथून दहा पावलांवरच होती. तिने ऐकलं आणि म्हणाली, बाई, चाळीस वर्सां संसार केलो, तरी माजा बोलणा कानावरच ऱ्हवला, डोळ्यापर्यंत काय पोचूक नाय.

आणि ठाऊक नसलं की? तेव्हा दाजी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे. “माका म्हायत नाय,” म्हणायचे आणि गप्प बसायचे. ठाऊक नाही हे इतक्या ऐटीत सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आम्हा मास्तर लोकांना तर ते कधी जमलंच नाही.

मी निवृत्त झाले आणि मुलाने मुंबईहून कॉम्प्युटर आणून दिला. आई, वेळ जाईल तुझा, म्हणाला. वेळ असा गेला की आमटी करपायला लागली. आंतरजालावर मराठीत एक ज्ञानकोश आहे, त्यात कुणीही लिहू शकतं आणि कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं दुरुस्त करू शकतं, हे कळल्यावर माझ्यातली पेपर तपासणारी बाई पुन्हा उठून बसली. लोकांच्या वाक्यांपुढे कंसात ‘संदर्भ हवा’ असं डकवता येतं. मी ते डकवत सुटले. किनाऱ्यावर नारळ होतो, असं कुणी तरी लिहिलं होतं. मी त्यालाही संदर्भ मागितला. खिडकीबाहेर माझाच माड उभा होता.

मग मनात आलं, आपणही काही लिहावं. आमच्या गावासमोरच्या समुद्रात पाण्याखाली खडकांची रांग आहे. आम्ही त्यांना खडपं म्हणतो. प्रत्येकाला नाव, आणि ते कुठे आहे ते ओळखायची किनाऱ्यावरची खूण. ही सगळी नावं पाठ असलेला शेवटचा माणूस म्हणजे दाजी. त्यांचे दोन्ही मुलगे गोव्याला हॉटेलांत लागलेले. तरण्या पोरांच्या होड्यांवर यंत्रं आली होती, त्यांत खडपांना आकडे होते. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. आकड्यांनी होडी वाचत होती, त्याबद्दल दाजींची तक्रार नव्हती. पण त्यातलं तीन नंबर म्हणजे जानूचं खडप. जानू हा दाजींच्या आजोबांचा धाकटा भाऊ. त्या खडपावर होडी फुटून गेला. देह मिळाला नाही, फोटो काढायचे दिवस नव्हते, लग्न झालेलं नव्हतं. दाजी म्हणाले, बाई, जानूचा सगळ्या जगात ह्या एवढाच आसा, एक नाव. ता तुमच्या पेटयेत ऱ्हवात काय?

राहील म्हटलं. मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

रोज दुपारी जेवून दाजी आमच्या पडवीत यायचे, खांबाला टेकून बसायचे आणि एकेक खडप सांगायचे. सांगण्याआधी कानाला हात. देवळाचा कळस वडामागे लपला की जानू पायाखाली आला असं समजायचं. हे मला अमक्याने सांगितलं, त्याला त्याच्या मावशीने, ती किनाऱ्यावर उभी होती, तिने होडी फुटताना डोळ्यांनी बघितलेलं. प्रत्येक नावामागे अशी माणसांची माळ. आणि मी काय करत होते? खडपाचं नाव आणि खूण तेवढी टाइप करत होते. माळ सुरू झाली की बोटं थांबवायची, मान डोलवायची, आणि मनात म्हणायची, म्हाताऱ्याला गप्पांची फार हौस. पाल्हाळ गाळा, हे मी निबंधाच्या वह्यांवर लाल शाईने जन्मभर लिहीत आले. तसंच दाजींचं गाळलं.

लेख चढवला आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यावर पाटी लागली. ‘काजवा’ या नावाने लिहिणारा एक संपादक होता, त्याची. लेखाला एकही संदर्भ नाही, आठवड्यात न दिल्यास काढावा लागेल. मी तावातावाने लिहिलं की गावातल्या जाणत्या माणसाने मला सांगितलंय. त्याचं उत्तर नम्र होतं: ताई, कुणी, कुणाकडून ऐकून, कधी सांगितलं? छापील काही आहे का? दुसऱ्यांना संदर्भ मागताना मला केवढा चेव यायचा, आणि आता स्वतःवर आल्यावर अपमान वाटला. आठवडा संपत आला. दाजी रोज विचारत होते, ऱ्हवला मां? त्या दुपारी मी किनारकरांना जन्म दिला. काजव्याने मुखपृष्ठाचा फोटो मागितला, तर माझ्या प्रतीला वाळवी लागली असं कळवलं. तूर्त लेख राहिला.

दाजींना मी पडद्यासमोर बसवलं. त्यांना अक्षर लावून लावून वाचता येई. ‘जानूचे खडप’ या दोन शब्दांवरून त्यांनी बोट फिरवलं. मग ते बोट उचलून त्यांनी आपल्या डोळ्याला लावलं. “बघलंय,” म्हणाले. एवढंच. टोपी काढून पुन्हा घातली आणि घरी गेले.

महिन्याभराने एक तिशीचा माणूस एसटीतून उतरून पत्ता विचारत आमच्याकडे आला. हाच काजवा. कुडाळच्या एका कॉलेजात शिकवत होता, आणि किनारकरांच्या पुस्तकासाठी त्याने जिल्ह्यातली ग्रंथालयं पालथी घातली होती. इतकं चांगलं पुस्तक कुणाकडेच कसं नाही, याचं त्याला खरोखर वाईट वाटत होतं. दाजी पडवीत बसलेलेच होते. हेच ते जाणते, असं कळल्यावर त्याने खाली बसून त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, दाजी, किनारकरांचं ते पुस्तक तुम्ही कधी पाहिलंय का? किंवा कुणाकडून ऐकलंय?

मी दाजींच्या समोर उभी होते. डोळ्यांनी त्यांना विनवत होते. एक बोट, फक्त एक बोट कानापर्यंत गेलं असतं तर लेख राहिला असता, जानू राहिला असता, माझी अब्रूही राहिली असती. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं, हे मला दिसलं. मग त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. “नाय,” म्हणाले. “माका म्हायत नाय.” आणि अगदी भाबडेपणाने, मलाच विचारलं, “बाई, त्या किनारकराक कोणी सांगल्यान?”

मी पदराने चष्मा पुसायला लागले, आणि काजव्याला कळायचं ते कळलं. तो उठला. निघताना पायरीवर म्हणाला, बाई, तुम्ही यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिलं असतंत, कुणी कुणाला सांगितलं त्याच्यासकट, तर मी तुमच्या बाजूने भांडलो असतो; लेख राहिला असता की नाही ते सांगता येत नाही, पण भांडलो असतो. आता एक खोटं सापडल्यावर बाकीच्यावर कोण विश्वास ठेवणार? संध्याकाळपर्यंत लेख गेला. ‘जानूचे खडप’ लिहिलेलं होतं तिथे ‘हे पान अस्तित्वात नाही’ अशी ओळ आली. ती मात्र कुणाच्याही संदर्भाशिवाय खरी होती.

दाजी पडवीत यायचे बंद झाले. रागावले म्हणावं तर बाजारात दिसले की मान हलवायचे. मीच तोंड चुकवायची. चार महिने गेले, आणि शेवंतीकडून कळलं की दाजींना वाऱ्याचा झटका आला, उजवं अंग गेलं, बोलणं तुटलं. मी नवी कोरी वही घेऊन गेले. या वेळी मला फक्त माळा हव्या होत्या. कुणी, कुणाकडून, कधी.

ते खाटेवर होते. मी एकेक खडपाचं नाव घेत गेले आणि ते पापणीने हो म्हणत गेले. मग मी विचारलं, दाजी, जानूचं खडप तुम्हाला कुणी सांगितलं? डावा हात मोठ्या कष्टाने वर आला. कानापर्यंत पोचला. ओठ हलले. नाव काही आलं नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, मी वहीवर पेन टेकवून वाकले, आणि हात कानालाच राहिला, आणि डोळ्यांतून पाणी उशीवर गेलं. ते नाव माझ्या पडवीत माझ्यासमोर बोललं गेलं होतं, एकदा नव्हे, दोनदा. मी तेव्हा मान डोलवत होते. त्यात कुणाची तरी मावशी होती, एवढंच मला आज सांगता येतं.

आठ दिवसांत दाजी गेले.

पुढे महिन्याभराने शेवंती मासळीची पाटी घेऊन दारात आली, पहिल्यासारखी. मी तिला सगळं सांगितलं. पुस्तक, किनारकर, वाळवी, गाळलेली नावं, कोरी राहिलेली वही. सांगताना मी कधी नव्हे ती रडले. ती बांगडे निवडत खाली मान घालून ऐकत होती. पाटी डोक्यावर चढवून झाल्यावर बोलली:

“रडू नकात, बाई. बघलेला ता तेंच्याबरोबर गेला. आयकलेला जेवडा ऱ्हवला, तेवडा तुमच्याकडे आसा. आता कोणी इचारल्यान, तर कानाक हात तुमी लावूचो.”