गुरुवारी बंद

दापोडीत वीज जायची असली तर गुरुवारीच जाते. दर गुरुवारी जाते असं नाही, पण वीजवाले दुरुस्तीची कामं त्याच दिवशी काढतात, कारण कारखान्यांना त्या दिवशी सुट्टी असते. भोसरीच्या एका कंपनीत मी एकतीस वर्षं मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होतो. बुधवारी शेवटची शिफ्ट सुटली की मेन स्विच खाली ओढायचा आणि शुक्रवारी सकाळी वर करायचा, हे माझं काम. रिटायर झालो तरी बुधवारची संध्याकाळ झाली की माझे हात शिवशिवतात.

बायको गेल्यावर दोन महिन्यांनी मुलगी म्हणाली, "पप्पा, मम्मीचे सगळे फोटो मला पाहिजेत." ती चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे आणि तिथंच मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. मोशीच्या ट्रॅफिकमधून रोज जा-ये करायची म्हणजे माणसाचं अर्धं आयुष्य बसमध्येच जायचं. घरात खोकंभर अल्बम होते. शेजारच्यांनी सल्ला दिला, स्कॅन करा आणि नेटवर ठेवून द्या, फुकटात ठेवतात. मला ते पटेना. माझ्या बायकोचे फोटो परक्याच्या कपाटात कशाला? मग पिंपरीच्या दुकानातून मी एक डबा आणला. दुकानदार त्याला नॅस म्हणाला, मी डबाच म्हणतो. आत दोन हार्ड डिस्क, मागं राउटरला जाणारी वायर. फोटो आपल्याच घरात राहतात आणि ज्याच्याकडं लिंक आणि पासवर्ड आहे त्याला कुठूनही मोबाइलवर दिसतात.

स्कॅनिंगला दीड महिना लागला. एकेक फोटो पुसायचा, काचेवर पालथा घालायचा, वाट बघायची. वाट बघता बघता लक्षात आलं की हे सगळेच गुरुवार आहेत. कॅमेरा मी सुट्टीलाच बाहेर काढायचो. पिंपरी कॅम्पात दाल पकवान खाताना ती, साडीचा पदर उजेडात धरून बघताना ती, उभ्या स्कूटरवर मागच्या सीटवर वैतागून बसलेली ती. बहुतेक फोटोंत चेहऱ्यावर "आटपा आता" असाच भाव. मुलगी त्यांत फारशी नाहीच. तिची शाळा रविवारी बंद, माझी कंपनी गुरुवारी. गुरुवारी ती शाळेत जायची आणि आम्ही दोघं भटकायचो.

सगळं चढवून झाल्यावर मी तिला लिंक पाठवली. तिनं लगेच उत्तर दिलं, "थँक्यू पप्पा. निवांत बघते."

या डब्यात कोण कधी येऊन गेलं याची नोंद राहते, कंपनीच्या गेटवरच्या रजिस्टरसारखी. सकाळचा चहा घेता घेता मी ती उघडायचो. रोज फक्त माझंच नाव. आठवडा गेला, महिना गेला. मी मनाची समजूत घातली की कामात असेल. पुढं ती समजूतही पटेना, नुसता राग यायला लागला. जिनं हिला जन्म दिला तिचे फोटो बघायला हिला पाच मिनिटं नाहीत? रील्स बघायला बरी असतात! रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "जेवण काय केलंय?" "भाजी-भाकरी." एवढ्यावर आमचं बोलणं संपायचं. एकदा तिनं विषय काढला, "पप्पा, ते फोटो…" मी तिला पुढं बोलूच दिलं नाही. म्हणालो, "आहेत तिथंच आहेत. ज्याला बघायचेत त्यानं बघावेत." मग ती "बरं" म्हणाली. नंतर तो विषय तिनं काढला नाही आणि मी तर मुळीच नाही.

वर्षभरात मी एकदाही रडलो नव्हतो. नातेवाईक म्हणायचे, माणूस खंबीर आहे. खंबीर कसला, घरात बोलायला कोणी नसलं की माणूस गप्पच असतो.

बायकोला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी पुण्यानुमोदन ठेवलं होतं. तो बुधवार होता. मुलगी रजा टाकून आली. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. सातच्या सुमाराला ती पातेली घासत होती. मी सवयीनं उठलो, डब्याचं बटण दाबलं, दिवा विझेपर्यंत थांबलो आणि प्लग काढून ठेवला. मागं वळलो तर ती ओल्या हातांनी दारात उभी होती.

"दर बुधवारी बंद करता?"

"गुरुवारी लाइट जाते. अशी अचानक गेली की डिस्क खराब होते. शुक्रवारी सकाळी लावतो परत."

ती खालीच बसली. म्हणाली, "माझी सुट्टी गुरुवारी असते, पप्पा."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण दोन गोष्टी माहीत असणं आणि त्या एकमेकींना जोडणं यात फरक असतो. जन्मभर वायरी जोडत आलेल्या माणसाला ही एक वायर जोडता आली नाही.

"बाकीच्या दिवशी बघायचेस की," मी उगाच म्हणालो.

"कंपनीत मोबाइल गेटवर जमा करतात. रूमवर मैत्रीण असते. तिची सुट्टी रविवारी, माझी गुरुवारी. गुरुवारीच खोली माझी एकटीची असते." तिनं ओले हात पुसले. "रडायला खोली लागते, पप्पा. दर गुरुवारी अंघोळ करून लिंक उघडायची. ती उघडायचीच नाही."

बंद डब्याच्या दारात कोण येऊन परत गेलं ते डब्याला कळत नाही. रजिस्टरात येणार कुठून?

"मग मला विचारायचं नाही का?"

"विचारत होते की एकदा. तुम्ही चिडलात. मला वाटलं, गुरुवार तुमच्या दोघांचा होता. त्या दिवशी तुम्हाला मम्मी एकट्याला हवी असेल, म्हणून बंद ठेवत असाल."

सात महिने मी हिच्यावर राग धरून बसलो होतो आणि ही माझा गुरुवार मला सोडून देत होती. मला माझीच लाज वाटली. मी उरलेली पातेली घासायला घेतली.

पुढच्या आठवड्यात मी इन्व्हर्टर बसवला आणि डबा आणि राउटर त्यावर घेतले. गुरुवारी सकाळी साडेदहाला लाइट गेली. बॅटरी पुरावी म्हणून पंखा बंद करून मी घामाघूम होऊन डब्यासमोर बसलो. अकरा वाजता त्याचा छोटा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. मी काहीच उघडलं नव्हतं, म्हणजे ती आली होती. पाऊण तास दिवा लुकलुकत राहिला. मध्ये थांबायचा, परत सुरू व्हायचा. कोणत्या फोटोवर थांबली असेल ते नोंदीत सापडलं असतं, मी बघितलं नाही. फोनही केला नाही.

तिला तिची खोली मिळाली होती. मग उठून मीही दार लावून घेतलं.