चूक नव्हे, खोटं

रत्नाकर उजगरे मूळचे नगरचे ख्रिस्ती, आणि चेन्नईच्या अण्णा नगरात माझे शेजारी. गिंडीच्या एका छोट्या कारखान्यात ते तपासनीस होते. पंपाचे दांडे मापायचे आणि पास करायचे, हे त्यांचं काम. माणूस भारी काटेकोर. सोसायटीच्या सभेला पाच मिनिटं आधी येऊन एकटेच बसायचे. म्हणून त्यांच्या पत्नी विद्युलतावहिनींनी सांगितलं ते मला खरंच वाटेना. दर महिन्याला चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर समोर आली, की हे मान खाली घालून ती पुढे जाऊ देत. नऊ वर्षं हेच चाललं होतं.

२००५ साली एका रविवारी मी सरळच विचारलं. त्यांनीही आडपडदा ठेवला नाही. एकदा घाईत त्यांनी दांड्यांची एक पेटी न मापताच पास केली. माल परत आला. मालकाने जाब विचारला तेव्हा ते म्हणाले, "मी सगळं मापलं होतं. सुब्बाने नंतर त्यात खराब माल मिसळला." सुब्बा तिथला टर्नर, लेथवर दांडे कातणारा. त्याची नोकरी गेली.

"मग देवाकडे माफी मागा की," मी म्हणालो.

"रोज मागतो. पण पाळकसाहेब म्हणतात, आधी ज्याचा अपराध केला त्याच्याकडे जा, मग भाकर घे."

"आमचं बरं. गंगेत बुडी मारली की मोकळे."

"गंगेत सुब्बा भेटतो का हो, देवस्थळी?"



सुब्बाची आता विल्लिवाक्कमला पिठाची गिरणी होती. पंचवीस वर्षं चेन्नईत काढूनही उजगऱ्यांचं तमिळ भाजीवाल्यापुरतंच. मी मात्र बँकेच्या काउंटरवर शिव्या खात खात शिकलो होतो. म्हणून दुभाषी म्हणून त्यांनी मला बरोबर नेलं.

गिरणीत मिरच्यांचं दळण चाललं होतं. आम्ही शिंकत उभे राहिलो. सुब्बाने उजगऱ्यांना ओळखलं आणि गिरणी बंद केली. उजगरे हात जोडून मला म्हणाले, "त्याला सांगा, मी खोटं बोललो. माझं पाप त्याच्या माथी मारलं. मला क्षमा कर म्हणावं."

मला त्यांची दया आली. खरं सांगायचं तर भीतीही वाटली, सुब्बाचे दंड चांगले दणकट होते. मी तमिळमध्ये एवढंच सांगितलं, की तेव्हा तपासणीत काहीतरी चूक झाली, साहेबांना फार वाईट वाटतंय. सुब्बा हसला. "विडुंग सार," म्हणाला, म्हणजे सोडा हो. मला वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला.

उजगरे हलेनात. "'तप्पु' म्हणजे चूक, एवढं मला कळतं. देवस्थळी, पुन्हा खोटंच?" ते हळूच म्हणाले. मग सुब्बाकडे वळून स्वतःच अडखळत बोलले, "तप्पिल्ले. पोय. नान पोय सोन्नेन." चूक नव्हे. खोटं. मी खोटं बोललो. मला तोंड लपवावंसं वाटलं.

सुब्बाचं हसू मावळलं. मग आत पाहून त्याने हाक मारली, "महालक्ष्मी!" त्याची बायको हाताचं पीठ झटकत बाहेर आली.

"आता हिला सांगा," तो मला म्हणाला. "सगळं सांगा."

या वेळी मी एक शब्दही गाळला नाही.

तिने उजगऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती नवऱ्याकडेच पाहत होती. "तुम्ही तेव्हा सांगत होतात, मी काही केलं नाही म्हणून," ती म्हणाली. "आणि मी म्हणत होते, पिऊन कामावर गेला असाल. परवासुद्धा म्हणाले." ती तिथेच पोत्यावर बसली आणि पदरात तोंड खुपसून रडू लागली. "मला माफ करा," एवढंच म्हणत राहिली.

सुब्बा तिच्याशेजारी उकिडवा बसला. खांद्यावरचा पंचा काढून त्याने तिच्या हातात दिला. मग वर माझ्याकडे पाहिलं.

"सार, तुमच्या साहेबांना विचारा, माफ कसं करतात? त्यांच्या देवळात शिकवत असतील. मला आज दोघांना करायचंय."

मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. उजगरे नुसतेच रडत होते.